कार्डाच्या स्पर्धेत 'दिला' म्हणून चेंडू उचलला आणि बाद झालो: हौशी गोल्फरांसाठी नियमांचा धागा

फातोर्डेकर

मंडळी, चार वर्षं गोल्फ खेळतोय. हँडिकॅप (कौशल्यानुसार मिळणारी फटक्यांची सूट) २२. दर रविवारी आम्ही चौघं ठरलेलेच. मागच्या महिन्यात दक्षिण गोव्यात एका स्पर्धेत नाव दिलं. नऊ होलचा कोर्स, दोनदा फिरून अठरा. स्ट्रोक प्ले, म्हणजे सगळ्या होलांवरचे फटके (स्ट्रोक) मोजायचे.

सातव्या होलवर माझा पट (भोकाकडे ढकलायचा हलका फटका) भोकाच्या काठाशी येऊन थांबला. वीतभरसुद्धा अंतर नव्हतं. सोबतचे गृहस्थ सवयीने म्हणाले, "दिला," म्हणजे उरलेला फटका न मारता गेला असं धरा. मीही सवयीने चेंडू उचलला, खिशात टाकला आणि आठव्याच्या टीवरून (होलच्या सुरुवातीच्या जागेवरून) ड्राइव्ह, म्हणजे पहिला लांब फटका, मारला. पुढे राउंड अशी लागली की आजवर तशी कधीच लागली नव्हती. शेवटी टेबलाशी कार्ड जुळवताना माझ्या मार्करने (माझे आकडे लिहिणाऱ्या सोबत्याने) सरळपणे सांगितलं, "सातवर पाच, शेवटचा दिला होता." कमिटीच्या माणसाने पेन खाली ठेवलं. मी बाद.

राग कोणावरच नाही, चूक माझीच. पण मडगावला पोचेपर्यंत गाडीत मी एक शब्द बोललो नाही. आमचा रविवारचा खेळ आणि कार्डाचा खेळ यांत एवढं अंतर आहे हे मला चार वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं आणि मीही कोणाला विचारलं नव्हतं. आमच्यासारखे अजून कुठे कुठे अडकतात ते जाणकारांनी इथे लिहावं. नियमांचं पुस्तक मोबाइलवर आहे, पण नुसतं वाचून डोक्यात राहत नाही. कोर्सवरचा प्रसंग समोर आला की पटकन कळतं.

पर्वरीचा_रेफरी

फातोर्डेकर, वाईट वाटलं. पुण्यात असताना क्लबांच्या स्पर्धांत रेफरी म्हणून उभा राहायचो, तेव्हा हा प्रसंग दरवर्षी कोणावर ना कोणावर यायचाच.

आधी तुमच्या सातव्या होलचं. पट 'देणं' हा प्रकार फक्त मॅच प्लेमध्ये आहे. तिथे तुमचा सामना समोरच्या एकाशी असतो, तो आपल्या हक्कातलं सोडू शकतो. स्ट्रोक प्लेमध्ये तुम्ही मैदानावरच्या सगळ्यांशी खेळत असता. जे साठ जण त्या ग्रीनवर (भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर) नव्हते त्यांच्या वतीने सोबतचा माणूस काय देणार? म्हणून प्रत्येक होलवर चेंडू भोकात जायलाच हवा.

आणि हे नीट लक्षात घ्या, चेंडू उचलला त्याच क्षणी तुम्ही बाद झाला नव्हता. चेंडूच्या जागेची खूण न करता उचलल्याचा एक स्ट्रोक दंड, चेंडू परत जागेवर ठेवायचा, भोकात घालायचा, विषय संपला. बाद झालात ते आठव्याच्या टीवरून फटका मारल्यामुळे. पुढच्या होलचा पहिला फटका मारला की चूक सुधारायची वेळ निघून जाते. शेवटच्या होलवर ती मुदत कार्ड परत देईपर्यंत असते.

स्पर्धा स्टेबलफोर्डची (प्रत्येक होलला गुण देण्याच्या प्रकाराची) असती तर त्या होलचे शून्य गुण मिळाले असते आणि तुम्ही खेळत राहिला असता. म्हणून पहिल्या टीवर जायच्या आधी आज प्रकार कुठला आहे ते विचारून घ्या.

म्हादईकाठ

'दिला' म्हणणाऱ्याला काहीच दंड नाही का? तोही खेळाडूच होता ना.

पर्वरीचा_रेफरी

ताई, दोघांनाही नियम माहीत असता आणि तरी "राहू दे, काय होतंय" असं ठरवून तो बाजूला ठेवला असता, तर दोघंही बाद. इथे दोघांनाही माहीत नव्हतं. अशा वेळी दंड ज्याने चेंडू उचलला त्यालाच.

तळपणचो_कॅडी

मी अकरा वर्षं कॅडी (खेळाडूची पिशवी वाहणारा मदतनीस) होतो, आता स्वतः खेळतो. काणकोणात राजबागेच्या बाजूने तळपणची नदी समुद्राला मिळते. पाण्याकाठचं गोल्फ बघतच मोठा झालो. फातोर्डेकरबाब, पावसाळ्याची एक सवय तुम्हाला सांगतो, ती पटाच्या सवयीपेक्षा वाईट.

जून ते सप्टेंबर आपल्याकडे फेअरवे (टीपासून ग्रीनपर्यंतचा कापलेल्या गवताचा पट्टा) म्हणजे चिखल. सगळे चेंडू उचलतात, पुसतात, बऱ्या गवतावर ठेवतात. 'प्लेसिंग' म्हणतो आपण. कमिटीने त्या दिवसासाठी तसा स्थानिक नियम लावला असेल तरच ते चालतं. किती अंतरात ठेवायचा तेही कमिटीच ठरवते, सहा इंच किंवा एक क्लबलेंग्थ (क्लबच्या, म्हणजे खेळायच्या काठीच्या, लांबीएवढं), आणि भोकाच्या जवळ नाही. आता नोव्हेंबर उजाडतो, जमीन कडक होते, स्पर्धा सुरू होतात आणि हात मात्र आपोआप चेंडूकडे जातो. नियम लावलेला नसताना उचलून तिथेच परत ठेवला तर एक स्ट्रोक. जागा बदलून मारला तर दोन. किती जणांना मी मागून "साहेब, थांबा" म्हटलंय त्याला हिशेब नाही.

चेंडू स्वतःच्याच पडण्याने जमिनीत रुतला असेल तर मात्र फुकट ड्रॉप आहे, म्हणजे दंडाशिवाय चेंडू उचलून जवळच हातातून टाकायचा. २०१९ पासून रफमध्येसुद्धा (कडेच्या वाढलेल्या गवतात). बंकरच्या वाळूत नाही.

वास्को_निवृत्त

मला सगळ्यात जास्त गोंधळ दिसतो तो ड्रॉपमध्ये. एक क्लबलेंग्थ की दोन? खांद्यापासून की गुडघ्यापासून? आमच्या वेळी खांद्यापासून होतं. आणि लाल खुंट्यांच्या आत (पाण्याच्या आखलेल्या हद्दीत) चेंडू गेला की जिथे पाण्यात पडला त्याच्या समोरून टाकायचा, बरोबर ना?

पर्वरीचा_रेफरी

काका, शेवटचं बरोबर नाही आणि नेमकं तेच सगळ्यात महागात पडतं, म्हणून त्याच्यापासून सुरू करतो.

लाल खुंट्यांच्या पेनल्टी एरियात चेंडू गेला तर तो कुठे पडला याला महत्त्व नाही. त्याने ती हद्द शेवटची कुठे ओलांडली तो बिंदू धरायचा. तळपणसारख्या नदीच्या कडेने फेअरवे जात असेल आणि चेंडू दीडशे यार्डांवर हद्द ओलांडून, हवेत वळत, पुढे दोनशेवर पाण्यात पडला, तर ड्रॉप दीडशेच्या जागी. तिथून दोन क्लबलेंग्थ, भोकाच्या जवळ नाही, एक स्ट्रोक दंड. पिवळ्या खुंट्या असतील तर ही बाजूची सोय मिळत नाही. मग एक तर आधीच्या जागेवरून पुन्हा मारा, नाहीतर भोक आणि हद्द ओलांडल्याचा बिंदू यांच्या सरळ रेषेत मागे जा. आणि चेंडू पाण्यातच गेला याची जवळजवळ खात्री हवी. "गेला असेल बहुतेक" एवढ्यावर ड्रॉप घेता येत नाही, तो चेंडू हरवलेला धरायचा.

क्लबलेंग्थचं सोपं आहे. फुकटची सोय असेल तर एक, दंड भरून बाजूला टाकायचा असेल तर दोन. साचलेलं पाणी, दुरुस्तीची जमीन, कार्टचा रस्ता, स्प्रिंकलर या सगळ्यांना एक. मोजायला पिशवीतला पटर सोडून सगळ्यात लांब क्लब, म्हणजे बहुतेकांचा ड्रायव्हर. ड्रॉप २०१९ पासून गुडघ्याच्या उंचीवरून. खांद्यापासून टाकलात तर मारायच्या आधी परत नीट टाका, दंड नाही. तसाच मारला तर दंड.

कार्टच्या रस्त्यावर आणखी एक मोह होतो. सुटकेचा बिंदू सगळ्यात जवळचा हवा, सगळ्यात सोयीचा नाही. तो झुडपात येत असेल तर झुडपात. म्हणून चेंडू उचलायच्या आधी तो बिंदू कुठे पडतोय ते उभं राहून बघा. एकदा उचललात आणि मग "नको, इथूनच मारतो" म्हणालात तर परत ठेवण्याचा एक स्ट्रोक भरावा लागतो.

म्हादईकाठ

मी फोंड्याची, खेळायला लागून वर्षच झालंय. माझे तीन प्रश्न एकदम विचारते.

एक, आमच्या कोर्सवर माड आहेत. माझा चेंडू माडाच्या शेंड्यात अडकला, खाली आलाच नाही. दोन, एक कुत्रा फेअरवेवरून चेंडू तोंडात घेऊन पळाला. तीन, पार-थ्रीवर (तीन फटक्यांत संपवणं अपेक्षित असलेल्या होलवर) सोबतच्या काकांना मी सहज विचारलं, "सात नंबरच्या क्लबने मारलात की आठच्या?" त्यांनी सांगितलं, आणि मागून कोणी तरी म्हणालं की दोघांना दंड. खरं का?

तळपणचो_कॅडी

बाय, माडाचं मी सांगतो, मी चढलोय अशा माडांवर.

वर चेंडू नुसता दिसून भागत नाही, तो तुझाच आहे हे ओळखता आलं पाहिजे. शेंड्यात दहा चेंडू अडकलेले असतात. म्हणून टीवर जायच्या आधी चेंडूवर स्वतःची खूण कर, पेनने दोन ठिपके काढलेस तरी पुरे. दुर्बिणीतून खूण दिसली तरी चालतं. ओळख पटली तर 'अनप्लेएबल' (इथून मारता येत नाही) म्हणायचं, चेंडू वर जिथे आहे त्याच्या बरोबर खाली जमिनीवरचा बिंदू धरायचा, तिथून दोन क्लबलेंग्थ, एक स्ट्रोक. ओळख पटली नाही तर चेंडू हरवला, मागे जाऊन पुन्हा मारायचा. शोधायला तीन मिनिटं मिळतात, पूर्वी पाच होती. तू किंवा तुझा कॅडी शोधायला लागलात की घड्याळ सुरू.

खाली पडलेला नारळ, झावळी, सुटा चिरा बाजूला करायला हरकत नाही. पण ते करताना चेंडू हलला तर एक स्ट्रोक आणि परत जागेवर. ग्रीनवर हलला तर दंड नाही. माझ्या डोळ्यांसमोर एका साहेबांनी झावळी ओढली आणि तिच्या टोकाला चेंडू होता.

पर्वरीचा_रेफरी

कुत्र्याचं: कुत्रा, कावळा, म्हैस, प्रेक्षक ही सगळी बाहेरची माणसं-जनावरं. त्यांनी थांबलेला चेंडू हलवला किंवा नेला तर दंड नाही, दुसरा चेंडू मूळ जागेवर ठेवा. नेमकी जागा माहीत नसेल तर अंदाजाने ठरवा. मात्र कुत्र्याने नेला हे कोणी पाहिलेलं असावं किंवा तशी जवळजवळ खात्री असावी.

म्हशीचा विषय निघालाच आहे तर, फेअरवेवर एखाद्या खुराच्या खळग्यात चेंडू बसला तर सोय नाही. तो खळगा म्हणजे जनावराने खणलेलं बीळ नव्हे. घुशीच्या बिळाला मात्र फुकट ड्रॉप आहे. आणि ग्रीनवर खुराचा ठसा असेल तर पट करण्याआधी तो दाबून सारखा करता येतो.

तिसरा प्रश्न महत्त्वाचा, ताई. हो, दोघांना दोन-दोन स्ट्रोक. विचारणाऱ्यालाही आणि सांगणाऱ्यालाही. कुठला क्लब, कसा फटका, वारा कसा घ्यायचा, हे सल्ल्यात येतं. अंतर विचारणं, झेंडा कुठे आहे हे विचारणं, नियम विचारणं यात काही नाही. सल्ला घ्यायचा असेल तर स्वतःच्या कॅडीला विचारा. दुसऱ्याच्या पिशवीकडे नुसतं बघितलं तर हरकत नाही, टॉवेल बाजूला सारून बघितलं तर दंड. अंतर मोजायचं यंत्र चालतं, पण त्यातलं चढ-उताराचं गणित बंद ठेवा.

तळपणचो_कॅडी

कॅडींसाठीही एक. खेळाडू फटक्यासाठी उभा राहायला लागला की त्याच्या मागे, रेषेत मुद्दाम उभं राहून नेम बघायचा नाही. २०१९ पासून मनाई आहे. आपल्याकडचे जुने कॅडी आपुलकीने अजून उभे राहतात आणि दोन स्ट्रोक खेळाडूच्या माथी बसतात. तसं झालं तर फटका मारायच्या आधी मागे सरका, कॅडीला बाजूला करा आणि नव्याने उभे राहा, दंड टळतो.

वास्को_निवृत्त

हे सगळं वाचून मला एक विचारावंसं वाटतं. एवढा काटेकोरपणा नवख्यांना पळवून नाही का लावणार? फातोर्डेकर चार वर्षं खेळतोय, अर्ध्या फुटाच्या पटासाठी बाद. ज्याने कधी फसवणूक केली नाही त्याला ही शिक्षा जड वाटते मला.

पर्वरीचा_रेफरी

काका, तुमचं म्हणणं मी मनापासून ऐकतो. सवलती आल्याच आहेत. २०१९ मध्ये नियम ३४ वरून २४ वर आणले. ग्रीनवर चुकून चेंडू हलला तर दंड गेला, झेंडा भोकात ठेवून पट करता येतो, बंकरमधलं पान उचलता येतं. २०२३ मध्ये अपंग खेळाडूंसाठीच्या बदलांचा नियम मुख्य पुस्तकातच आला. त्याच वर्षी स्ट्रोक प्लेच्या कार्डावर स्वतः हँडिकॅप लिहायची जबाबदारीही खेळाडूवरून काढली. नवख्यांसाठी कमिटीने स्टेबलफोर्ड ठेवावं असंच मी प्रत्येक ठिकाणी सुचवतो.

पण भोकात घालण्याचा नियम सैल करता येणार नाही. फातोर्ड्याच्या फुटबॉल मैदानावर रेफरी शिट्टी वाजवतो आणि बावीस जण थांबतात. आपल्याकडे अठरा होलांवर शिट्टी कोणाकडेच नसते. १९२५ च्या यूएस ओपनमध्ये बॉबी जोन्सने रफमध्ये आपला चेंडू किंचित हलला असं स्वतः सांगितलं. दुसऱ्या कोणी पाहिलंच नव्हतं. त्याने एक स्ट्रोक लावून घेतला. पुढे बरोबरी झाली आणि प्लेऑफमध्ये तो हरला. त्या एका स्ट्रोकाविना तो थेट जिंकला असता. मी रेफरी म्हणून उभा असतो तेव्हा माझ्या नजरेआडच्या सतरा होलांवर काय झालं ते मला खेळाडूच्या शब्दावरच कळतं.

कुंकळ्ळीकर

मी गप्प वाचणारा, पण हे वाचून राहवलं नाही. मागे एका स्पर्धेत बंकर पावसाने अर्धा भरला होता, चेंडू पाण्यात. मला वाटलं बाहेर ड्रॉप. सोबतचा म्हणाला आतच. दोघंही खात्रीने बोलत होतो आणि रेफरी जवळपास नव्हता. अशा वेळी काय करायचं?

पर्वरीचा_रेफरी

नियम आधी. बंकरमधल्या साचलेल्या पाण्यातून फुकट सुटका बंकरच्या आतच, जिथे पाणी नाही किंवा सगळ्यात कमी आहे तिथे. बाहेर यायचं तर एक स्ट्रोक भरून, सरळ रेषेत मागे.

तुमच्या प्रश्नाचा खरा उपयोग मात्र पुढे आहे. हा एक नियम हौशी खेळाडूने झोपेतही म्हणता येईल इतका पाठ करावा. स्ट्रोक प्लेमध्ये काय करावं ते कळत नसेल तर दंडाशिवाय त्या होलवर दोन चेंडू खेळता येतात. शंका आली की पुढचा फटका मारण्याआधी सोबतच्याला मोठ्याने सांगायचं, "मी दोन चेंडू खेळतोय, आणि नियमात बसत असेल तर हा धरावा." दोन्हींनी होल पूर्ण करायचा, दोन्ही आकडे लिहून ठेवायचे आणि कार्ड देण्याआधी कमिटीला सगळं सांगायचं. दोन्ही आकडे सारखे आले तरी सांगायचं. नाही सांगितलं तर बाद. मॅच प्लेमध्ये ही सोय नाही.

प्रोव्हिजनलचंही (पहिला सापडला नाही तर म्हणून मारून ठेवलेल्या चेंडूचंही) असंच बोलण्यावर आहे. चेंडू ओबी (कोर्सच्या हद्दीबाहेर) गेला किंवा हरवला असेल अशी शंका आली तर दुसरा मारण्याआधी 'प्रोव्हिजनल' हा शब्द स्पष्ट उच्चारा. नुसतं "आणखी एक मारतो" म्हणून मारलात तर तोच तुमचा खेळातला चेंडू ठरतो. मग पहिला मधोमध फेअरवेवर सापडला तरी त्याचा उपयोग नाही.

फातोर्डेकर, तुमच्यापासून कुंकळ्ळीकरांपर्यंत सगळे प्रसंग मी परत वाचले. जवळपास सगळीकडे हात तोंडाच्या आधी चाललाय. आधी उचलला, मग विचारलं. आधी टाकला, मग मोजलं. चेंडूला हात लावायच्या आधी थांबून सोबतच्याशी एक वाक्य बोला, निम्म्याहून जास्त दंड तिथेच टळतील.

वास्को_निवृत्त

कार्डाचं राहिलं. १९६८ चा मास्टर्स, अमेरिकेतली मोठी स्पर्धा. अर्जेंटिनाचा रॉबर्टो डे व्हिसेन्झो सतराव्या होलवर तीनमध्ये आला, मार्करने चार लिहिले, त्याने न बघता सही केली. ६५ चे ६६ झाले आणि एका स्ट्रोकने मास्टर्स हुकला. खेळला कमी आणि सही जास्तीवर, म्हणून जास्तीचा आकडा कायम राहिला. उलट झालं असतं, म्हणजे खेळल्यापेक्षा कमी आकड्यावर सही, तर बाद. २०२४ मध्ये जॉर्डन स्पीथ असाच बाद झाला. मी मार्कर असतो तेव्हा प्रत्येक होलनंतर पुढच्या टीवर मोठ्याने आकडा विचारतो आणि मगच लिहितो.

पिशवीतले क्लबही टीवर जायच्या आधी मोजावेत. २००१ च्या ब्रिटिश ओपनमध्ये इयन वूझ्नम शेवटच्या दिवशी पहिल्या होलवर बर्डी (पारपेक्षा एक फटका कमी) करून दुसऱ्या टीवर आला आणि पिशवीत मर्यादेपेक्षा एक जास्त, पंधरावा क्लब निघाला. दोन स्ट्रोक.

म्हादईकाठ

बक्षिसांचं कोणाला माहीत आहे? आमच्या ओळखीत एका नेट (हँडिकॅप वजा करून निकाल लावायच्या) स्पर्धेत पाकिटातून रोख रक्कम देणार म्हणतात.

पर्वरीचा_रेफरी

ताई, हँडिकॅपवरच्या स्पर्धेत हौशी खेळाडूने रोख बक्षीस घ्यायचं नाही, हौशीपणाच जातो. रोख फक्त स्क्रॅच (हँडिकॅप न धरता खेळायच्या) स्पर्धेत चालतं, तेही ७०० पौंडांच्या मर्यादेत. २०२२ पासून असं आहे. वस्तू द्यायला आयोजकांना सांगा.

फातोर्डेकर

कालच दुसरी स्पर्धा खेळलो, म्हणून लिहितोय.

सोळाव्या होलवर माझा ड्राइव्ह उजवीकडे, हद्दीच्या चिऱ्याच्या गडग्याकडे गेला. मी मोठ्याने म्हणालो, "प्रोव्हिजनल मारतोय, माझ्या चेंडूवर हिरवे दोन ठिपके." दोन मिनिटांत पहिला चेंडू सापडला, गडग्याच्या आत हातभर. क्लब मागे नेला की दगडाला लागत होता. पूर्वीचा मी फुकट ड्रॉप घेऊन मोकळा झालो असतो. या वेळी मार्करला विचारलं. हद्दीच्या गडग्यापासून फुकट सुटका नाही, म्हणून 'अनप्लेएबल' म्हटलं, एक स्ट्रोक घेतला. त्या होलवर सात झाले. शेवटचा पट चार इंचांचा होता. सोबतचे म्हणाले, "घ्या हो." मी खूण केली, माझी पाळी येईपर्यंत थांबलो आणि भोकात घातला.

नंतर मार्कर आणि मी टेबलाशी बसून अठराही आकडे एकेक करून वाचले. मग सह्या केल्या. विसावा आलो.

तळपणचो_कॅडी

बाब, गडग्याजवळ दोन क्लबलेंग्थ कशाने मोजल्या?

फातोर्डेकर

ड्रायव्हरने. चेंडू उचलायच्या आधी त्याच्या जागी एक टी रोवली, मोजून दुसरी रोवली, मग ड्रॉप. पहिल्यांदा उतारावरून बाहेर घरंगळला, दुसऱ्यांदाही. तेव्हा दुसऱ्या वेळी जिथे जमिनीला टेकला होता तिथे हाताने ठेवला.

तळपणचो_कॅडी

बरोबर केलंत.